लेह ते पुणे : परतीचे सात दिवस

आमच्या प्रवासाच्या वहीत जाण्याच्या वाटेसाठी चौदा पाने खर्ची पडली होती. रोजचे अंतर, मुक्काम, पेट्रोल पंप, उंची, सोबतची औषधे आणि कुठे रस्ता बंद असला तर कुठून वळायचे, एवढे सगळे त्यांत होते. परतीसाठी मात्र शेवटच्या पानावर एकच ओळ होती : ‘लेह–मनाली–पुणे, ६–७ दिवस.’ ही एक ओळ प्रत्यक्षात किती लांब होती, ते लिहून ठेवावे असे वाटले, कारण लेहला गाडीने कसे जावे हे सांगणारे पुष्कळ भेटतात. परत कसे यावे हे आम्हाला कोणीही सांगितले नव्हते.

आम्ही दोघी बहिणी. ताई महापालिकेच्या शाळेतून चौतीस वर्षांच्या नोकरीनंतर ३१ मे २०२४ रोजी निवृत्त झाली आणि २ जूनला, रविवारी पहाटे, आम्ही माझ्या पाच वर्षे जुन्या पेट्रोलच्या छोट्या गाडीतून निघालो. राजस्थान, पंजाब, श्रीनगर, कारगिल असे करत १० जूनला लेह गाठले. नुब्रा आणि पँगाँग पाहून १५ तारखेला पुन्हा लेहला आलो. माझी रजा २२ जूनपर्यंत मंजूर होती आणि सोमवारी, २४ तारखेला, कामावर हजर होणे भाग होते. ताईला मात्र कुठेही हजर व्हायचे नव्हते. १५ जूनला विदर्भ वगळता महाराष्ट्रातल्या शाळा उघडल्या. त्या दिवशी सकाळी लेहच्या बाजारात ती जर्दाळू निवडत असताना मध्येच थांबली आणि म्हणाली, “आत्ता प्रार्थना चालू असेल.” त्यानंतर दिवसभर तिने परतीचा विषय काढला नाही, आणि मीही काढला नाही. त्यामुळे गाडीची तपासणी, हवा, ऑइल, काच धुण्याचे पाणी, जे जाताना रोज सकाळी न चुकता पाहिले जात होते, त्यातले काहीच त्या संध्याकाळी पाहिले गेले नाही. या चुकीची किंमत पुढे मोजावी लागली.

१६ जूनला पहाटे चारला निघायचे ठरले होते, निघालो सव्वापाचला. हा सव्वा तास केवळ आमच्या अनिच्छेचा होता, कारण सामान रात्रीच बांधून झाले होते. ताईने होम-स्टेच्या अंगणात दोनदा चहा घेतला, मी दोनदा खोली तपासली. परंतु या रस्त्यावर उशिराची शिक्षा दुपारी मिळते. बारालाचा ला ही खिंड ओलांडल्यावर बर्फ वितळून वाहणारे नाले रस्त्यावरून जातात, आणि ऊन वाढते तसे त्यांचे पाणी वाढते. मनालीहून येणारी माणसे ते सकाळी पार करतात; लेहहून निघणाऱ्यांच्या वाट्याला ते नेमके दुपारी तीन-चारच्या सुमारास येतात. म्हणून लेहहून एका दिवसात जिस्पा किंवा केलाँग गाठायचे असेल, तर पहाटे चार ही वेळ खरोखर पाळावी, किंवा मध्ये मुक्काम करावा. मध्ये मुक्काम म्हणजे सर्चू, आणि त्याची उंची चार हजार मीटरच्या वर आहे. लेहमध्ये आठवडाभर राहून शरीर सरावलेले असेल तर तिथली रात्र निभते, तरी ताईला जाताना द्रासजवळ डोकेदुखीचा त्रास झालेला असल्याने आम्ही तो विचार सोडला.

पेट्रोल कारूला भरले. पुढचा पंप आम्हाला केलाँग ओलांडून तांडीलाच मिळाला, म्हणून पाच लिटरचा कॅनही बरोबर ठेवला होता. तो लागला नाही. उपशीच्या तपासणी नाक्यावर गाडीचा क्रमांक आणि दोघींची नावे नोंदवली गेली, दहा मिनिटे लागली. ओळखपत्राची आणि गाडीच्या कागदांची एक-एक झेरॉक्स हाताशी असली की मागच्या सीटवरची बॅग उपसावी लागत नाही.

तंगलांग ला ही खिंड ५,३२८ मीटरवर आहे. तिथे पाण्याची लिटरभराची बाटली संपली, ताईने झाकण घट्ट लावले आणि ती दाराच्या खणात टाकली. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्माच असतो, हे तिने पाचवी-सहावीच्या मुलांना अनेकदा शिकवले होते. त्याचा प्रयोग पुढचे सहा दिवस आमच्या डोळ्यांसमोर चालू राहणार आहे, याची कल्पना मात्र दोघींनाही नव्हती.

मोरेच्या पठारावर सरळ, गुळगुळीत रस्त्याचे चाळीसेक किलोमीटर मिळाले. तिथे ताईने गाडी ताशी चाळीसच्या वेगाने चालवली. मी घड्याळ दाखवले. तिने पाहिले न पाहिल्यासारखे केले. पांग, लाचुंग ला, नकी ला आणि मग गाटा लूप्सची एकवीस वळणे उतरून सर्चूला पोहोचेपर्यंत दीड वाजला होता. बारालाचानंतरच्या दुसऱ्या नाल्यात पाणी चाकाच्या निम्म्यावर आले होते आणि समोर ओळीने सहा गाड्या थांबल्या होत्या. एका ट्रकचालकाने आम्हाला खूण करून सांगितले की, आपल्या मागोमाग, पहिल्या गिअरमध्ये आणि पाय न उचलता यायचे. आम्ही तसेच केले. पाण्याखालच्या एका दगडावर मागचे डावे चाक जोरात आपटले. आवाज दोघींनी ऐकला आणि पलीकडे गेल्यावर उतरून पाहायचे ठरवले. पलीकडे गेल्यावर मात्र पार झाल्याच्या आनंदात ते विसरलो. जिस्पाला पोहोचलो तेव्हा रात्रीचे साडेसात झाले होते. खोलीचे २,२०० रुपये झाले. बाटलीच्या दोन्ही कुशी आत गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी, १७ तारखेला, अटल बोगद्याच्या उत्तर तोंडापाशी आमचे भांडण झाले. भांडण हा शब्द मोठा आहे, परंतु एक तास आम्ही रस्त्याच्या कडेला उभ्या होतो हे खरे. तिथून सरळ जाणारा रस्ता कोकसर, ग्राम्फूवरून कुंझुम खिंड ओलांडून स्पितीत उतरतो. उजवीकडे पूल ओलांडला की बोगदा, आणि बोगद्यापलीकडे मनाली. ताईने हॉटेलच्या पावतीमागे हिशेब मांडला होता : स्पितीसाठी चार दिवस, तिथून किन्नौरमार्गे सिमला आणि पुढे. “तुझी अर्जित रजा शिल्लक आहे ना?” तिने विचारले. होती. पण आमच्या कार्यालयात अर्जित रजेचा अर्ज आधी द्यावा लागतो, वाढीव रजेसाठी वरिष्ठांची लेखी मंजुरी लागते, आणि ती न मिळता गैरहजर राहिल्यास ते दिवस बिनपगारी धरले जातात. मी फोन लावला. पलीकडून, अत्यंत सौजन्याने, ई-मेल पाठवा, उद्यापर्यंत पाहू, असे उत्तर मिळाले. उद्यापर्यंत त्या फाट्यावर थांबणे शक्य नव्हते.

ताई तेव्हा जे म्हणाली ते मला अनपेक्षित होते. “मला स्पितीचं एवढं काही नाही गं. घरी गेल्यावर सोमवारी तू डबा घेऊन निघशील, आणि मी काय करू ते मला माहीत नाही.” लेहला तिने दोनदा चहा का घेतला आणि मोरेवर चाळीसचा वेग का धरला, ते मला तिथे कळले. मी तिला काही समजावले नाही, कारण समजावण्यासारखे माझ्यापाशी काही नव्हते. थोड्या वेळाने तिनेच किल्ली घेतली आणि पुलाकडे वळली.

बोगदा ९.०२ किलोमीटर लांब आहे. ३ ऑक्टोबर २०२० रोजी तो खुला होण्याआधी हीच वाट रोहतांग खिंडीवरून जात असे. आत ओव्हरटेक करण्यास मनाई आहे आणि वेगमर्यादेवर कॅमेऱ्यांची नजर असते. एका तोंडाशी उघडेबोडके डोंगर आणि दुसऱ्या तोंडाशी देवदार, असा बदल दहा-बारा मिनिटांत होतो, आणि तो परतताना फार अंगावर येतो. मनालीत बकरी ईदला जोडून आलेल्या सुट्टीची गर्दी होती. बारा किलोमीटरला दोन तास लागले. सरळ सुंदरनगर गाठून १,४०० रुपयांच्या खोलीत झोपलो. शक्य असल्यास परतीचा दिवस शनिवार-रविवार किंवा सुट्टीला जोडून मनालीत येईल असा ठेवू नये.

१८ तारखेला सकाळी मी गाडीत सामान ठेवत असताना शेजारी उभ्या असलेल्या टॅक्सीचालकाने मागच्या डाव्या चाकाकडे बोट दाखवले. टायरच्या बाजूच्या भिंतीला लिंबाएवढा फुगा आला होता. आतले धागे तुटले की असा फुगा येतो आणि असा टायर चालत्या गाडीत केव्हाही फुटू शकतो. नाल्यातला तो दगड, आणि नंतर न उतरलेल्या आम्ही. त्यावर पंक्चर काढणे हा उपाय नसतो. टायर बदलावाच लागतो. स्टेपनी लावायला वीस मिनिटे लागली, कारण जॅक सामानाच्या तळाशी होता. जाताना तो वरच ठेवला होता. आधीचा दिवसभर त्या चाकावर घाट उतरलो होतो, हे लक्षात आल्यावर ताई नुसती पायरीवर बसून राहिली.

कीरतपूरकडे जाणाऱ्या नव्या चौपदरी रस्त्यावरून, बोगद्यामागून बोगदे ओलांडत, ताशी सत्तरच्या वर न जाता अंबाल्याला आलो आणि नवीन टायर घेतला : ४,३०० रुपये, शिवाय व्हील अलाइनमेंट आणि बॅलन्सिंगचे ८००. आमच्या मापाचा टायर दुसऱ्या दुकानातून मागवावा लागल्याने तीन तास गेले. तिथल्या माणसाने चारही चाकांची हवा पाहिली आणि ती कमी निघाली. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. उंचावर बाहेरचा दाब कमी असल्याने मापकावर टायरचा दाब जास्त दिसतो. खाली आल्यावर तोच टायर कमी दाखवतो, आणि त्यात मैदानातली उष्णता तो पुन्हा वाढवते. त्यामुळे लेहला पाहिलेला आकडा मैदानात गृहीत धरू नये. खाली उतरल्यावर सकाळी टायर थंड असताना हवा पुन्हा पाहून घ्यावी. त्या रात्री कुरुक्षेत्राला राहिलो. दोन दिवसांपूर्वी थंडीने दोन स्वेटर घातले होते, आणि इथे रात्री अकराला भिंती तापलेल्या होत्या. बाटली पार चपटी झाली होती.

यापुढची चार राज्ये मी भराभर सांगते, कारण ती आम्ही भराभरच पार केली.

दिल्लीत शिरायचे नव्हते, म्हणून १९ तारखेला राष्ट्रीय महामार्ग १५२-डी धरला. कुरुक्षेत्राजवळून नारनौलपर्यंतचा हा २२७ किलोमीटरचा रस्ता उत्तम आहे, फक्त त्यावर सावली नाही आणि पंप, खानावळी फार विरळ आहेत, म्हणून पाणी भरूनच चढावे. दुपारी गाडीच्या मापकावर बाहेरचे तापमान ४४ दिसत होते. आम्ही अकरा ते चार न चालवण्याचा नियम जाताना पाळला होता. येताना तो मोडला आणि ताईला ग्लानी आली. जयपूरला पोहोचून मीठ-साखरेचे पाणी, ओला टॉवेल आणि संध्याकाळभर विश्रांती. थंडीतून एवढ्या उष्णतेत दोन-तीन दिवसांत उतरण्याचा ताण उंचीच्या त्रासाहून कमी नसतो, आणि त्यासाठी कोणी औषधांच्या यादीत जागा ठेवत नाही. राजस्थानात शिरण्यापूर्वी हरियाणातच टाकी भरली, कारण लिटरमागे नऊ-दहा रुपयांचा फरक होता.

२० तारखेला किशनगड, भिलवाडा, चित्तोडगड करत उदयपूर. तिथल्या तळ्याकाठी जाण्याचा दोघींनाही उत्साह नव्हता. खिडकीतून पाहिले आणि झोपलो. जाताना याच शहरात आम्ही एक अख्खी दुपार हिंडलो होतो.

२१ तारीख वटपौर्णिमेची होती. शामळाजी, हिंमतनगरच्या वाटेवर वडाभोवती सूत गुंडाळणाऱ्या बायका दिसू लागल्या तेव्हा आपण आपल्या मुलखाच्या जवळ आलो, असे पहिल्यांदा वाटले. अहमदाबाद–वडोदरा द्रुतगती मार्गाने भरूचला मुक्काम केला. त्या रात्री फास्टॅगचा हिशेब पाहिला तेव्हा एका नाक्यावर चार मिनिटांच्या अंतराने दोनदा पैसे कापलेले आढळले. राष्ट्रीय महामार्गांसाठी १०३३ हा मदत क्रमांक आहे; त्यांनी तक्रार नोंदवली, परंतु परतावा फास्टॅग देणाऱ्या बँकेकडूनच मागावा लागतो, असे सांगितले. नाक्याचे नाव, दोन्ही व्यवहारांची वेळ आणि क्रमांक एवढे असले की अर्ज पाच मिनिटांत होतो. १४५ रुपये नऊ दिवसांनी परत आले. रोज रात्री हिशेब पाहण्याची सवय असावी, कारण आठवडाभराने कोणता नाका कोणता ते आठवत नाही.

शेवटच्या दिवशी, २२ तारखेला, पहाटे पाचला निघून वापीच्या पुढे गुजरातेतच टाकी भरली. महाराष्ट्रात पेट्रोल लिटरमागे नऊ-दहा रुपयांनी महाग होते. तलासरीनंतर मराठी पाट्या सुरू झाल्या आणि पाऊसही. तिथून घोडबंदरपर्यंत महामार्गाच्या काँक्रिटीकरणाचे काम चालू होते, त्यात पाणी साचलेले. वसईच्या आसपास एकाच जागी आम्ही अडीच तास होतो. अख्ख्या हिमालयात एवढा वेळ कुठे अडकलो नव्हतो. गंमत म्हणजे ताईला त्याचे काहीच वाटले नाही. तिने खुर्ची मागे केली, आणि समोरच्या टेम्पोवरच्या शुद्धलेखनाच्या चुका मोजल्या. तीन निघाल्या. ठाणे, कळंबोली आणि मग द्रुतगती मार्ग, टोल ३२० रुपये. घाटात ढग उतरले होते. खंडाळ्याच्या वर तिने एकदाच विचारले, “चहाला थांबायचं का?” पुणे तासाभरावर होते आणि दोघींनाही चहा नको होता. थांबलो.

संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी घरी पोहोचलो. लेहपासून २,५६८ किलोमीटर झाले. परतीचा खर्च असा : पेट्रोल १४,९०० रुपये, टोल ३,०५०, सहा मुक्काम १०,७००, जेवणखाण ५,६००, टायर आणि अलाइनमेंट ५,१००, एकूण ३९,३५०. आम्ही परतीसाठी २५ हजार बाजूला ठेवले होते. उरलेले ताईने दिले आणि तो विषय काढू दिला नाही.

रविवारी आम्ही बॅगा उघडल्या नाहीत. दोघी दिवसभर झोपलो. रजेचा शेवटचा दिवस आणि कामाचा पहिला दिवस यांच्यात हा एक रिकामा दिवस ठेवला होता, हीच परतीच्या नियोजनातली आमची एकमेव शहाणपणाची गोष्ट. २ जुलैला वाटेतल्या एका राज्यातून वेगमर्यादा ओलांडल्याचे ई-चलान आले. असे चलान प्रवासानंतर कित्येक दिवसांनी येऊ शकते. परिवहनच्या संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक घालून महिनाभर अधूनमधून पाहावे, नाहीतर मोबाइल क्रमांक बदललेला असल्यास ते कळतच नाही. फोटोतल्या वेळेनुसार तेव्हा गाडी मी चालवत होते. घराकडे जायची घाई मला झाली होती, हे अशा रीतीने लेखी मिळाले.

२४ जूनला मी कामावर गेले. साडेदहाला, म्हणजे शाळेत हजेरी घ्यायच्या वेळेला, ताईचा संदेश आला : “गाडी धुवायला देऊ का?” मी लिहिले, “नको, शनिवारी बघू.” शनिवारपर्यंत पावसाने ती आपोआप धुतली. चाकांच्या वरच्या कडेला मात्र राखाडी चिखल बराच काळ टिकून होता, आणि चपटी बाटली अजूनही दाराच्या खणात आहे. सर्व्हिसिंगला गाडी ताईनेच नेली. तिथल्या मुलाने कचरा समजून बाटली उचलली तेव्हा तिने ती काढून घेतली आणि हवेचा दाब म्हणजे काय, ते त्याला सविस्तर समजावून सांगितले; त्यामुळे, त्याच्याच म्हणण्याप्रमाणे, ऑइल बदलायला पाऊण तास जास्त लागला.